प्लॅट नदी: मोठ्या सरोवरासाठीचा उपाय आणि मधल्या सरोवरावर पडलेला भार

अमेरिकेच्या मिशिगन राज्याच्या वायव्य किनाऱ्यावर मिशिगन सरोवराला मिळणारी प्लॅट नदी साधारण ४७ किलोमीटर लांबीची आहे आणि तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ५०० चौरस किलोमीटर आहे. ज्या सरोवराला ती मिळते त्याचा नुसता पृष्ठभागच जवळपास ५८,००० चौरस किलोमीटरचा आहे. एवढ्या छोट्या नदीत १९६६ साली पॅसिफिककडचा कोहो सॅल्मन हा मासा सोडण्याचा प्रयोग सुरू झाला आणि त्यातून पंचमहासरोवरांतील मासेमारीची दिशाच पालटली. त्या प्रयोगाचे यश सर्वश्रुत आहे. त्याचा भार नदीच्या वाटेवरील एका लहान सरोवराने कसा सोसला, तो भार मोजायला आणि मर्यादेत आणायला किती काळ लागला, हा भाग मात्र क्वचितच सविस्तर सांगितला जातो. या प्रकरणात भूगोल आणि मासेमारी वेगळे काढता येत नाहीत, कारण या सरोवरावरून पुढे झालेल्या न्यायालयीन वादाचा प्रत्येक मुद्दा अखेरीस नदीच्या रचनेपाशीच येऊन थांबतो.

नदीची रचना

बेन्झी आणि ग्रँड ट्रॅव्हर्स या दोन काउंट्यांच्या सीमेवर, लेक ॲन नावाच्या गावाच्या आसपास लहान सरोवरांचा एक पुंजका आहे, आणि प्लॅटचा उगम तेथे होतो. हा सगळा प्रदेश हिमयुगातील बर्फाने घडवलेला आहे. माघार घेणाऱ्या हिमनद्यांनी मागे ठेवलेले हिमोढांचे उंचवटे, त्यांच्यामध्ये वितळपाण्याने पसरलेली वाळू आणि गोट्यांची मैदाने, आणि बर्फाचे गाडलेले तुकडे वितळल्यावर उरलेले खळगे, अशी ही जमीन आहे. वाळू पावसाचे आणि वितळलेल्या बर्फाचे पाणी लगेच मुरवून घेते आणि भूजलाच्या रूपाने संथपणे नदीला परत देते. त्यामुळे प्लॅटला मोठे पूर येत नाहीत, उन्हाळ्यात ती आटत नाही आणि तिचे पाणी वर्षभर गार राहते. ट्राउट आणि सॅल्मन या माशांना नेमकी हीच परिस्थिती लागते, कारण त्यांची अंडी नदीतळाच्या गोट्यांमध्ये महिनोन्महिने पडून असतात आणि त्या गोट्यांमधून स्वच्छ, गार, प्राणवायूने भरलेले पाणी सतत वाहते राहावे लागते.

नदी पश्चिमेकडे वाहत ऑनर या छोट्या गावाजवळून जाते. गावाच्या वरच्या अंगाला १९२८ साली राज्याने रेनबो ट्राउट वाढवण्याचे केंद्र उभारले. ब्रंडेज नावाचा थंड झऱ्यांचा ओढा तेथे नदीला मिळतो आणि केंद्राला हवे ते पाणी जागेवरच उपलब्ध होते. पुढच्या सगळ्या घटनांचा केंद्रबिंदू हीच जागा ठरली. ऑनरच्या खाली नदी प्लॅट सरोवरात शिरते. सुमारे १० चौरस किलोमीटरच्या या सरोवरात उत्तर शाखेतून लिटल प्लॅट सरोवराचेही पाणी येते. सरोवरातून बाहेर पडल्यावर नदी लून लेक नावाचे आणखी एक छोटे सरोवर ओलांडते आणि वाळूच्या टेकड्यांमधून वळणे घेत मिशिगन सरोवराच्या प्लॅट उपसागराला मिळते. हा शेवटचा टप्पा आज ‘स्लीपिंग बेअर ड्यून्स’ या १९७० साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय सरोवरकिनारा क्षेत्रात मोडतो.

या वर्णनात दोन गोष्टी पुढच्या विवेचनासाठी महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे मत्स्यकेंद्र प्लॅट सरोवराच्या वरच्या अंगाला आहे. केंद्रातून जे पाणी सुटते ते आधी या सरोवरात येते आणि मगच मोठ्या सरोवराकडे जाते. दुसरी गोष्ट प्लॅट सरोवराच्या पाण्याच्या स्वरूपाची. भूजल चुनखडीयुक्त गोट्यांमधून येत असल्याने त्यात विरघळलेला चुना भरपूर असतो. उन्हाळ्यात पाणी तापले आणि शेवाळाने पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खेचून घेतला की हा चुना बारीक पांढऱ्या कणांच्या रूपात वेगळा होतो, पाणी काही काळ दुधाळ दिसते आणि कण तळाशी बसतात. बसताना ते काही प्रमाणात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, बरोबर घेऊन जातात. अशी चुनाळ सरोवरे स्वभावतः नितळ आणि पोषणद्रव्यांनी गरीब असतात. थोडेसे जादा स्फुरदही तेथे लगेच जाणवते, कारण एक किलो स्फुरदातून कित्येक शेकडो किलो ओले शेवाळ वाढू शकते.

मोठ्या सरोवराची अवस्था

प्रयोग का करावा लागला हे समजण्यासाठी मिशिगन सरोवराची विसाव्या शतकाच्या मध्यावरची स्थिती पाहावी लागते. येथील मूळचा मोठा शिकारी मासा म्हणजे लेक ट्राउट. त्याच्यावर आणि व्हाइटफिशवर व्यावसायिक मासेमारी उभी होती. अटलांटिककडून, जहाजांसाठी खोदलेल्या वेलंड कालव्याच्या मार्गाने वरच्या सरोवरांत शिरलेला समुद्री लॅम्प्रे १९३६ साली मिशिगन सरोवरात आढळला. हा ईलसारखा दिसणारा, जबडा नसलेला प्राणी मोठ्या माशाच्या अंगाला तोंडाने चिकटतो आणि त्याचे रक्त शोषतो. लॅम्प्रेचा उपद्रव आणि अनिर्बंध जाळेमारी यांच्या एकत्रित आघाताने १९५० च्या दशकात लेक ट्राउट या सरोवरातून जवळजवळ नाहीसा झाला.

शिकारी संपल्यावर एलवाइफ हा हेरिंग कुळातील छोटा मासा बेसुमार वाढला. तोही अटलांटिककडचाच असून १९४९ साली या सरोवरात नोंदला गेला होता. एलवाइफ स्थानिक माशांची अंडी आणि नुकती जन्मलेली पिल्ले खातो, त्यामुळे मूळ प्रजाती सावरण्याची शक्यताही मावळत गेली. गोड्या पाण्यातील तापमानाचे चढउतार त्याला सोसत नाहीत आणि वसंतात तो मोठ्या संख्येने मरतो. १९६७ साली ही मर इतकी प्रचंड झाली की सरोवराच्या किनाऱ्यांवर कुजणाऱ्या माशांचे ढीग साचले आणि ते यंत्रांनी उचलावे लागले.

लॅम्प्रेविरुद्धचा उपाय त्याआधीच सापडला होता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस टीएफएम या रसायनाने उपनद्यांतील लॅम्प्रेच्या अळ्या मारता येऊ लागल्या. अमेरिका आणि कॅनडा यांच्या १९५४ च्या करारातून निर्माण झालेल्या संयुक्त मत्स्य आयोगाने हे काम नेटाने चालवले. लॅम्प्रे आटोक्यात येऊ लागला, पण एलवाइफ खाणारा मासा सरोवरात उरलेलाच नव्हता. त्यामुळे खाद्य अमाप आणि खाणारा कोणी नाही, अशी स्थिती निर्माण झाली.

१९६६ चा निर्णय

हॉवर्ड टॅनर १९६४ साली मिशिगनच्या मत्स्य विभागाचे प्रमुख झाले. पॅसिफिक किनाऱ्यावरील कोहो सॅल्मन गोड्या पाण्यात आणून एलवाइफवर सोडावा, ही कल्पना त्यांनी धरून ठेवली आणि वेन टोडी यांच्यासह ती अमलात आणली. ओरेगन राज्यात त्या सुमारास कोहोची अंडी गरजेपेक्षा जास्त उपलब्ध होती, आणि १९६४-६५ च्या हिवाळ्यात त्यांतील दहा लाख मिशिगनला मिळाली. ती उबवून, पिल्ले वर्षाहून अधिक काळ वाढवून, २ एप्रिल १९६६ रोजी ऑनरजवळ प्लॅट नदीत कोहोची पहिली पिल्ले सोडण्यात आली. मॅनिस्टी नदीची उपनदी बेअर क्रीक आणि सुपीरियर सरोवराला मिळणारी बिग ह्युरॉन याही नद्या निवडल्या गेल्या होत्या, आणि त्या वसंतात सोडलेल्या पिल्लांची एकूण संख्या आठ लाखांहून अधिक होती.

प्लॅटची निवड विचारपूर्वक केली होती. सॅल्मनचे पिल्लू ज्या ओढ्यात वाढते त्याच्या पाण्याचा वास त्याच्या स्मृतीत ठसतो आणि वयात आल्यावर ते त्याच पाण्याकडे परतते. म्हणून पिल्ले जेथे वाढवली तेथेच सोडता आली, तर परतणारे मासे केंद्राच्या दारातच येतात आणि त्यांच्याच गाबोळीतून पुढची पिढी उभी करता येते. कोहोचे चक्र आटोपशीर आहे. शरद ऋतूत अंडी, पुढचे दीड वर्ष नदीत किंवा केंद्रात, मग वसंतात मोठ्या पाण्याकडे प्रयाण, तेथे दोन उन्हाळ्यांची झपाट्याने वाढ, आणि शरदात परत येऊन एकदाच वीण व त्यानंतर मृत्यू. काही नर मात्र एकाच उन्हाळ्यानंतर, लहान आकाराचे असतानाच परततात. १९६६ च्या शरदात असे नर प्लॅटमध्ये अपेक्षेपेक्षा कितीतरी धष्टपुष्ट होऊन आले, आणि एलवाइफचे खाद्य त्यांना मानवते आहे हे तेव्हाच स्पष्ट झाले.

याच बेन्झी काउंटीत परक्या माशाचा एक जुना अनुभव होता, त्याची येथे नोंद करणे मला आवश्यक वाटते. शेजारच्या क्रिस्टल सरोवरात १९१२ साली रेनबो स्मेल्ट हा छोटा मासा सोडला गेला होता. तेथून निसटून तो मिशिगन सरोवरात आणि पुढे इतर सरोवरांत पसरला. लोकांनी वसंतातल्या रात्री ओढ्यांमध्ये हातजाळीने स्मेल्ट पकडण्याचा मोठा आनंद घेतला, आणि मासा कोठवर जाईल हे सोडणाऱ्याच्या हाती उरले नाही. कोहोच्या बाबतीत विभागाने निदान एक सूत्र स्वतःच्या हातात ठेवले होते: दरवर्षी किती पिल्ले सोडायची, हे तोच ठरवत होता.

उपसागर, वादळ आणि विष

१९६७ च्या शरदात पूर्ण वाढलेले कोहो प्लॅट उपसागरात जमू लागले. बातमी पसरली आणि आसपासच्या राज्यांतून गळ घेऊन हजारो लोक या किनाऱ्यावर लोटले. वृत्तपत्रांनी या लाटेला कोहोचा ज्वर म्हटले. या लोकांपैकी अनेकांच्या होड्या शांत, लहान सरोवरांसाठी बनवलेल्या होत्या.

येथे किनाऱ्याचा भूगोल निर्णायक ठरला. प्लॅट उपसागर दक्षिणेला पॉइंट बेट्सीचे भूशिर आणि उत्तरेला एम्पायर गावाजवळचे उंच कडे यांच्या दरम्यान आहे आणि पश्चिम-वायव्येला पूर्णपणे उघडा आहे. त्या दिशेच्या वाऱ्याला लाटा उभारण्यासाठी अख्ख्या सरोवराची रुंदी मिळते. नदीचे मुख उथळ आहे. तेथे वाळूचा दांडा सतत जागा बदलतो आणि लाटा त्यावर फुटू लागल्या की होडी आत आणणे अशक्य होते. सर्वांत जवळचे सुरक्षित बंदर फ्रँकफर्टचे, आणि ते गाठायला पॉइंट बेट्सीला वळसा घालावा लागतो. २३ सप्टेंबर १९६७ रोजी लहान होड्यांसाठी इशारा दिला गेला असतानाही शेकडो होड्या पाण्यात होत्या. वारा वाढला, होड्या उलटल्या, कित्येक किनाऱ्यावर फेकल्या गेल्या आणि सात जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर बरीच वर्षे नदीमुखातील वाळू उपसून होड्यांसाठी वाट मोकळी ठेवली जात असे. राष्ट्रीय किनारा क्षेत्र झाल्यावर मात्र या उपशाला दुसरी बाजू आली, कारण नदीमुखाच्या वाळूवर पायपिंग प्लोव्हर हा दुर्मिळ, संरक्षित पक्षी घरटी करतो. नदीला तिचे मुख बदलू द्यावे की होडीवाल्यांसाठी ते स्थिर ठेवावे, हा प्रश्न तेव्हापासून या किनाऱ्यावर सारखा उभा राहतो.

दुसरा धक्का माशाच्या मांसातून आला. १९६९ साली केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने मिशिगन सरोवरातील कोहोचा मोठा साठा डीडीटी या कीटकनाशकाच्या अंशांमुळे जप्त केला. शेतांतून आणि फळबागांतून सरोवरात आलेले हे द्रव्य सूक्ष्म जीवांतून एलवाइफमध्ये आणि एलवाइफमधून कोहोच्या चरबीत साठत गेले होते. त्याच वर्षी मिशिगनने डीडीटीच्या विक्रीवर बंदी आणली, आणि असे पाऊल उचलणाऱ्या पहिल्या राज्यांत त्याची गणना होते. सरोवरातील सॅल्मन खायला दिलेल्या मिंक या प्राण्यांची पैदास खुंटल्याचेही याच सुमारास लक्षात आले आणि पुढे त्याचा संबंध पीसीबी या रसायनांशी जोडला गेला. कोहो या सरोवरात नसता तर हे विष लोकांच्या ताटात एवढ्या ठळकपणे आले नसते, आणि कदाचित त्यावर एवढ्या लवकर कारवाईही झाली नसती, असे माझे मत आहे.

मासेमारी कोणासाठी, हाही प्रश्न या काळात उघड झाला. राज्याने सरोवराचे व्यवस्थापन गळाने मासे धरणाऱ्या हौशी लोकांच्या बाजूने वळवले आणि व्यावसायिक जाळ्यांवर निर्बंध आणले. या प्रदेशातील ओडावा आणि ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी मात्र १८३६ च्या तहात जमीन देताना मासेमारीचा हक्क राखून ठेवला होता. १९७९ साली केंद्रीय न्यायालयाने तो हक्क मान्य केला, आणि त्यानंतर राज्याला मासेमारीच्या वाटणीचे करार त्यांच्याशी बसून करावे लागले.

मधले सरोवर

आता या प्रकरणाच्या गाभ्याकडे वळतो. ऑनरजवळचे केंद्र कोहोसाठी मोठे करण्यात आले आणि १९७० च्या दशकात ते पूर्ण क्षमतेने चालू लागले. अशा केंद्रात लांबट हौदांमधून नदीचे पाणी सतत वाहते ठेवले जाते. पाणी एका बाजूने येते, लाखो पिल्लांमधून जाते आणि दुसऱ्या बाजूने नदीत परतते. पिल्लांच्या खाद्यात माशांची भुकटी असते, भुकटीत हाडे असतात आणि हाडांत स्फुरद. जे खाल्ले जात नाही ते, आणि जे पचत नाही ते, पाण्याबरोबर बाहेर पडते. थोड्या अंतरावर प्लॅट सरोवर होतेच. तेथील रहिवाशांना काही वर्षांतच पाण्याचा नितळपणा कमी झालेला दिसू लागला.

हौदांतून येणारे स्फुरद हा या भाराचा एक हिस्सा होता. दुसरा हिस्सा परत येणाऱ्या माशांच्या देहांतून आला, आणि तो समजून घेणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण तेथे नदीचे नेहमीचे गणित उलटे होते. पोषणद्रव्ये सामान्यतः पाण्याबरोबर खाली वाहतात. सॅल्मन ती मोठ्या सरोवरातून गोळा करून प्रवाहाच्या विरुद्ध वर आणतो आणि तेथे मरतो. माशाच्या ओल्या वजनाच्या साधारण ०.४ टक्के स्फुरद असते असे धरले, तर तीन किलोचे १०,००० कोहो आपल्या शरीरातून १०० किलोहून जास्त स्फुरद वर घेऊन येतात. पॅसिफिककडच्या नद्यांमध्ये हेच देह जंगलाला आणि पुढच्या पिढीच्या पिल्लांना पोसतात, आणि तेथील परिसंस्था हजारो वर्षे त्यावर बेतलेल्या आहेत. प्लॅट सरोवराची जडणघडण तशी नव्हती. त्याची नितळता पोषणद्रव्ये कमी असण्यावरच अवलंबून होती.

१९८६ साली सरोवराकाठच्या रहिवाशांच्या सुधारणा संघाने राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाविरुद्ध दावा दाखल केला. मिशिगनच्या १९७० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने कोणाही नागरिकाला पाणी, हवा आणि जमीन यांच्या रक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क दिला होता, आणि दावा त्याच्या आधारे उभा राहिला. या खटल्याची विशेषता अशी की ज्या विभागाचे काम नैसर्गिक संसाधनांचे रक्षण हे होते, तोच येथे प्रतिवादी होता. आणि त्याचे कृत्य वाईट हेतूने केलेले नव्हते, उलट ते राज्याच्या सर्वांत यशस्वी प्रकल्पाचा भाग होते. केंद्रामुळे सरोवराची हानी झाली हे न्यायालयाने मान्य केले. त्यानंतरही किती स्फुरद चालेल, ते कोणी व कसे मोजायचे, आणि सरोवर सुधारले हे कशावरून ठरवायचे, यावर वर्षानुवर्षे वाद चालू राहिला. अखेर मार्च २००० मध्ये दोन्ही बाजूंनी तडजोडीचा करार केला.

या कराराचे कलमवार स्वरूप मला अभ्यसनीय वाटते, कारण त्यात शब्दांपेक्षा आकड्यांवर भर आहे. केंद्रातून वर्षाला १७५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ७९ किलोपेक्षा, जास्त स्फुरद नदीत जाऊ नये आणि कोणत्याही तीन महिन्यांत ते ५५ पौंडांच्या वर जाऊ नये, अशी मर्यादा ठरली. प्लॅट सरोवरातील स्फुरदाचे प्रमाण वर्षातील ९५ टक्के काळ लीटरमागे ८ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी राहावे, हे उद्दिष्ट ठरले. नदीमुखाजवळच्या खालच्या बंधाऱ्यातून वर सोडायच्या प्रौढ माशांवरही मर्यादा आली: कोहो २०,००० आणि चिनूक हा पॅसिफिककडचाच दुसरा सॅल्मन १,०००. अंमलबजावणीवर देखरेखीसाठी एक स्वतंत्र समन्वयक नेमला गेला. तीन महिन्यांची उपमर्यादा विशेष विचाराने घातलेली दिसते. वर्षाची सरासरी पाळूनही एकाच उन्हाळ्यात सगळा भार सोडला तर सरोवराला त्याचा त्रास व्हायचा तो होतोच, आणि ती पळवाट या कलमाने बंद झाली.

माशांच्या संख्येवरील मर्यादा वर दिलेल्या ढोबळ हिशेबाशी ताडून पाहिली की तिचे कारण उमगते. दहा हजार कोहो नदीत मरून कुजले, तर तेवढ्यानेच केंद्राच्या वर्षभराच्या मर्यादेपेक्षा अधिक स्फुरद पडू शकते. म्हणून जे मासे वर सोडले जातात ते केंद्रापाशीच असलेल्या वरच्या बंधाऱ्यावर अडवून बाहेर काढणे, हा या व्यवस्थेचा अनिवार्य भाग आहे. नुसते खाद्य सुधारून किंवा पाणी गाळून हे साधले नसते.

केंद्राने दोन्ही बाजूंनी काम केले. कमी स्फुरदाचे खाद्य वापरात आले, बाहेर पडणारे पाणी सूक्ष्म जाळीच्या फिरत्या चकत्यांतून गाळले जाऊ लागले, आणि गाळलेला मळ टाकीत साठवून पाणलोट क्षेत्राबाहेर नेण्याची सोय झाली. वेळेला महत्त्व होते, कारण विष्ठा आणि उरलेले खाद्य पाण्यात जितका वेळ पडून राहते तितके त्यातील स्फुरद विरघळत जाते, आणि विरघळलेले स्फुरद कोणत्याही जाळीला सापडत नाही.

बंधारा आणि गळ

खालचा बंधारा लून लेक आणि नदीमुख यांच्या दरम्यान आहे. शरदात त्याच्या सळ्यांच्या चौकटी बसवल्या जातात आणि वर निघालेले सॅल्मन तेथे अडतात. कर्मचारी त्यांची मोजणी करतात, ठरलेल्या संख्येएवढे वर जाऊ देतात आणि बाकीचे बाहेर काढतात. वर गेलेले मासे प्लॅट सरोवर ओलांडून केंद्रापाशी पोहोचतात, आणि तेथे मादीच्या पोटातून गाबोळी काढून नराच्या शुक्राने ती फळवली जाते. मिशिगनच्या कोहोचे बीज मुख्यतः येथूनच घेतले जाते आणि सरोवराकाठच्या शेजारी राज्यांनाही येथून अंडी पुरवली गेली आहेत. एलवाइफमध्ये थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करणारे विकर असते आणि त्यावर वाढलेल्या सॅल्मनच्या अंड्यांत या जीवनसत्त्वाची उणीव राहते. म्हणून केंद्रांमध्ये थायमिनच्या द्रावणाचा उपचार करावा लागतो. ज्या खाद्यासाठी कोहो आणला त्याच खाद्यातून त्याच्या पिल्लांवर हे संकट येते.

गळाने मासे धरणाऱ्यांसाठी नदीचे दोन भाग पडतात. ऑनरच्या आसपासची वरची नदी अरुंद, गोट्यांच्या तळाची आणि पाण्यात उतरून चालता येण्याजोगी आहे. तेथे वर्षभर ब्राउन ट्राउट असतो, आणि मिशिगन सरोवरात वाढून वर येणारा रेनबो ट्राउट, ज्याला येथे स्टीलहेड म्हणतात, शरदापासून यायला लागतो व मार्च-एप्रिलमध्ये वीण करतो. स्टीलहेड एकोणिसाव्या शतकापासून या राज्याच्या नद्यांत आहे आणि प्लॅटमध्ये तो नैसर्गिक रीतीने वाढतो. त्याची पिल्ले कोणत्याही हौदाविना नदीच्याच बळावर मोठी होतात, हे नदीचे आरोग्य जोखण्याचे विश्वासार्ह माप आहे असे मी मानतो. लून लेकच्या खालचा भाग रुंद, वाळूच्या तळाचा आणि संथ आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ताजे, चकचकीत कोहो प्रथम तेथेच दिसतात, आणि तेव्हा बंधाऱ्यालगतचा पट्टा मासेमारीला बंद असतो.

नदीत शिरलेला सॅल्मन खाणे जवळजवळ थांबवतो, त्यामुळे त्याला आमिष घेण्यास प्रवृत्त करावे लागते. गाबोळीचे दाणे बारीक जाळीच्या कापडात बांधून केलेली पुरचुंडी किंवा चमकणारे फिरते पाते हे नेहमीचे उपाय. सुरुवातीच्या वर्षांत राज्याने काही ठिकाणी माशाच्या अंगात कोठेही गळ अडकवून ओढून काढण्याची मुभा दिली होती, कारण मासे अफाट होते आणि तसेही मरणारच होते. पुढे ही पद्धत बेकायदा ठरवली गेली, आणि ते योग्यच झाले. त्या मुभेमुळे नदीकाठी जे वर्तन रुजले त्याचा त्रास स्टीलहेड आणि ब्राउन ट्राउटलाही सोसावा लागत होता.

मर्यादा ठरल्या त्या वेळचे सरोवर आणि आजचे

करार झाला तेव्हाच मिशिगन सरोवर पुन्हा बदलत होते. १९९७ साली तेथे क्वागा हा परका शिंपला आढळला, आणि नंतरच्या वर्षांत त्याने तळ व्यापून पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून घ्यायला सुरुवात केली. अन्नसाखळीचा पायाच आक्रसल्याने एलवाइफ घटला. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि त्यापाठोपाठ चिनूकची मासेमारीही. त्यानंतर मिशिगन सरोवराभोवतीच्या राज्यांनी सोडायच्या चिनूकची संख्या कमी केली. एकेकाळी एलवाइफ कमी करण्यासाठी सॅल्मन सोडले जात होते. आता सॅल्मनसाठी एलवाइफ टिकावा म्हणून सॅल्मन जपून सोडले जातात.

प्लॅट सरोवराच्या दृष्टीने हा बदल दुहेरी आहे. परतणारे मासे कमी झाले तर बंधाऱ्यावरची मर्यादा गाठलीच जात नाही आणि त्या बाजूचा भार आपोआप हलका होतो. पण बीज घेण्यासाठी पुरेसे प्रौढ मासे हवेतच, त्यामुळे लहान पुनरागमनाच्या वर्षी बंधाऱ्यावरचे काम भार रोखण्याचे न राहता प्रत्येक मासा सुखरूप वर पोहोचवण्याचे होते. त्याच वेळी केंद्राचा स्फुरदातील वाटा इतका घटला आहे की सरोवरात येणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग आता पाणलोटातून येतो: घरांच्या सेप्टिक टाक्या, रस्त्यांवरून वाहणारे पाणी, किनाऱ्यालगतची खते घातलेली हिरवळ, धूप होणारे काठ. केंद्राची १७५ पौंडांची मर्यादा आणखी आवळल्याने सरोवराला फारसा लाभ होणार नाही, असा माझा निष्कर्ष आहे. सरोवराच्या ८ मायक्रोग्रॅमच्या उद्दिष्टाला मात्र कोणीही हात लावू नये, आणि ते गाठण्याची जबाबदारी ज्यांनी दावा लावला त्या किनाऱ्यावरच्या घरांपर्यंत, तितक्याच काटेकोर मोजणीसह, पोहोचायला हवी. त्यासाठी लागणारी पद्धत याच नदीवर सिद्ध झालेली आहे: पाण्याचे नमुने नियमित घेणे, प्रत्येक स्रोताचा वाटा वेगळा काढणे, आणि ऋतूनुसार मर्यादा ठरवणे.